मोठ्यानं वाचायची सवय

तिच्या कामाला धड नाव नव्हतं, त्यामुळे नातेवाइकांची फार पंचाईत व्हायची. चारचौघांत कुणी विचारलं की मामा म्हणायचे, "आमची भाची पक्ष्यांचं बघते." मावशी म्हणायची, "पेपरात लिहिते." आणि चुलत बहिणीचा नवरा, ज्याला कुणी विचारलेलंच नसायचं, तो म्हणायचा, "फिरते." तिघांचंही खरं होतं. वर्षातले काही महिने ती पाठीवर तंबू टाकून क्रौंच पक्ष्यांच्या थव्यामागे दलदली आणि डोंगर पालथे घालायची. उरलेले महिने गावाबाहेरच्या पक्षी-केंद्रात पिल्लं वाढवायची. आणि या सगळ्यात जे दिसेल ते दर आठवड्याला पेपरात लिहायची; त्यातूनच एक पुस्तकही जुळवत होती. पगार केंद्राचा, नाव पेपरामुळे आणि गुडघेदुखी डोंगरांची, असा तिचा संसार होता.

आईला मात्र कुणी विचारलं तर तिचं उत्तर तयार असे. "ती बघते आणि मला सांगते. तेच तिचं काम."

आईला दिसत नव्हतं. उमेदीची सगळी वर्षं तिनं छापखान्यात प्रुफं तपासली होती. त्या कामाची एक रीत असते. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, त्यातले स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्हंसुद्धा नाव घेऊन उच्चारायची, आणि दुसऱ्यानं समोरच्या छापील कागदावर बोट ठेवून चुका धरायच्या. काम घरी आलं की वाचणारी म्हणून मुलीला बसवलं जाई. बाकीच्या मुली बाहेर खेळत असताना ही खिडकीशी बसून "शेतसारा स्वल्पविराम पाणीपट्टी स्वल्पविराम" असं वाचत असे. त्यात रंग भरायला गेली की आई टेबलावर पेन्सिल आपटायची. "सपाट वाच. तू भाव घातलास की चुका त्याच्याआड लपतात."

पुढे आईची नजर गेली, पण मुलीची सवय राहिली. स्वतः लिहिलेलं वाक्य मोठ्यानं वाचून कानाला पटल्याशिवाय तिला ते खरं वाटायचं नाही. तंबूत एकटी असली तरी वाचायची. संध्याकाळी घरी असली की आईसमोर बसून वाचायची, आणि आई डोळे मिटून, जणू ते उघडे ठेवून काही फायदा होता, मध्येच म्हणायची, "तो दुसरा 'मात्र' काढ." आई म्हणाली की तो 'मात्र' गेलाच म्हणून समजा.

केंद्र होतं क्रौंचांसाठी. एके काळी त्या दलदलीत क्रौंच घरटी करायचे. मग दलदलीचं पाणी अर्धं झालं, बंदुका वाढल्या, आणि क्रौंच जाता-जाता टेकण्यापुरते उरले. केंद्रानं दूरच्या पाणथळीतून अंडी आणवली, यंत्रात उबवली आणि पिल्लं वाढवायला घेतली. यात गोम एवढीच की क्रौंचाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की जो जवळ हलेल, बोलेल, भरवेल त्याला आई समजतं. माणसाला आई समजलं की ते पिल्लू कामातून गेलं. मोठं झालं की माणसांकडे चालत जातं, आणि माणसं काय चीज आहेत ते आपल्याला ठाऊकच आहे.

म्हणून आवारात जाताना सगळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झगा घालायचा, तोंडावर जाळी ओढायची, एका हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली चढवायची आणि त्या बाहुलीच्या चोचीनं दाणे, किडे, मासे भरवायचे. आणि आत अवाक्षर काढायचं नाही. खोकला आला तरी बाहेर पळायचं. डॉक्टर, म्हणजे केंद्राचे पशुवैद्य आणि सर्वेसर्वा, नव्या माणसाला सांगायचे, "लग्न झालंय ना तुमचं? मग गप्प बसायची सवय असेल." डॉक्टरांचं स्वतःचं झालेलं नव्हतं, त्यामुळे हा विनोद त्यांना परवडायचा.

त्या वर्षी पाच पिल्लं जगली. पिल्लांना नावं ठेवायची नाहीत, हा दुसरा नियम. नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते. पायांत रंगीत कड्या तेवढ्या होत्या. तरीही पिवळ्या कडीच्या मादीला सगळेच पिवळी म्हणायचे आणि आपण नुसता रंग सांगतोय असा आव आणायचे. पिवळी पाचांत दांडगी होती. ती उठली की बाकीची उठत, ती पाण्यात शिरली की बाकीची शिरत. तिच्याबद्दल पेपरात जरा जास्तच लिहून यायचं. "पिवळीची झोपायची जागा ठरलेली आहे," असं एका लेखात होतं. "आवाराच्या कोपऱ्यात, आमच्या सामानाच्या खोलीच्या फळ्यांना अंग लावून ती दुपारभर बसते. तिथं ऊन चांगलं लागत असावं."

ती सामानाची खोली आवाराच्या बाहेर होती. बोरूच्या कुडाला लागून फळ्यांची एक अरुंद खोली, आत झगे टांगलेले, दाण्यांची पोती, आणि कोपऱ्यात तिचं लिहायचं टेबल. झगा काढायचा, घाम पुसायचा आणि बघितलेलं ताजं असताना लिहून काढायचं, असा तिचा दुपारचा क्रम होता. वाचायचंही तिथंच. आवारात तिनं कधी हूं की चूं केलं नाही. शपथेवर सांगायला सांगितलं असतं तरी सांगितलं असतं.

पिल्लं मोठी झाली. पंख भरले. रानातल्या क्रौंचांचा एक थवा दर वर्षी त्या दलदलीवर उतरायचा, थोडे दिवस चरायचा आणि वारा फिरला की दक्षिणेला निघायचा. त्याच्याबरोबर ही पाचही गेली की केंद्राचं काम फत्ते. आवाराची जाळी काढली त्या सकाळी पाचही जण चालत बाहेर पडले, उडाले आणि दलदलीच्या मधल्या बेटावर, नुकत्याच आलेल्या थव्यात उतरले. डॉक्टरांनी झग्याच्या आतल्या आत नाक पुसलं. तिनं त्या दिवशी लिहिलेल्या लेखात आईनं एकही शब्द काढला नाही.

त्यानंतर पेट्रोलपंपावरून फोन आला.

पंप हमरस्त्यावर होता. तुमचा एक पक्षी केबिनच्या खिडकीशी उभा आहे, असं पंपाचा मालक म्हणाला. जीपचा ड्रायव्हर आणि ती झगे घालून धावले, छत्र्या उघडून पिवळीला हुसकावून आले. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला. पिवळी शाळेच्या कुंपणाच्या आत, वर्गाच्या खिडकीशी. परत पंप. परत शाळा. डॉक्टरांचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. पिवळी एकटी असती तर निदान एकटीचं नुकसान होतं. पण तिच्या मागोमाग बाकीचीही यायला लागली, कारण ती जाईल तिकडे जायचं हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मग पंपासमोरच्या रस्त्यावर तांबड्या कडीच्या नराला मालमोटारीनं उडवलं. पिवळी रस्ता चालत ओलांडून गेली होती, तो मागून येत होता. केंद्रातून ती धावत पोचली तेव्हा जीपचा ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून त्याचा एक पंख मिटायचा प्रयत्न करत होता, पण तो पंख मिटण्यासारखा उरला नव्हता. पक्षी जिवंत होता. डॉक्टरांनी त्याला बघितलं, बॅग उघडली, सुई भरली आणि टोचली. मग पोत्यात घालून जीपमध्ये ठेवला. एवढा उंच पक्षी दाण्याच्या पोत्यात मावला, याचंच तिला राहून राहून वाईट वाटत होतं. आणि पिवळी पंपाच्या खिडकीशी तशीच उभी होती, काच आणि तिच्यात वीतभर अंतर.

संध्याकाळी डॉक्टरांनी सगळ्यांना ऑफिसात बसवलं.

"आत कोण बोललं?" त्यांनी विचारलं. "मी कुणाला फासावर देणार नाही. पण मला कळायला हवं. कोण बोललं?"

कुणीच बोललं नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टर, मला आत एकदा गांधीलमाशी चावली. तेव्हासुद्धा मी मूग गिळून बसलो."

"तुम्ही?"

"नाही," ती म्हणाली, आणि तिला ते पूर्ण खरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पंपावर गेली. मालक काउंटरमागे बसून हिशेबाचं काहीतरी बघत होता. रेडिओ चालू होता, गाणं लागलं होतं.

"आज आली नाही का?" तिनं विचारलं.

"येईल. अजून बातम्या लागल्या नाहीत."

"म्हणजे?"

"गाण्यांना येत नाही हो ती. आमच्या गप्पांनाही नाही. बातम्या लागल्या की येते आणि संपल्या की जाते." मालक हसला. "मी बायकोला म्हटलं, शिकलेली दिसते."

तिथून ती तशीच शाळेत गेली. मास्तरीणबाई वर्गाबाहेर आल्या. पक्षी येतो म्हणून त्यांना कौतुकच होतं.

"मुलं आरडाओरडा करतात तेव्हा तो लांब असतो," त्या म्हणाल्या. "मी धडा वाचायला लागले की खिडकीशी येऊन उभा. मुलांना म्हणते, बघा, तुमच्यापेक्षा तो शहाणा."

पुढचं बाई काय बोलल्या ते तिला ऐकू आलं नाही. तिला ती फळ्यांची खोली दिसत होती. फळीच्या या बाजूला टेबल, त्या बाजूला ऊन. ऊन कसलं? त्या कोपऱ्यावर तर दुपारभर खोलीचीच सावली असायची. इतके दिवस रोज बघितलं, त्यावर लेख लिहिला, तो मोठ्यानं वाचून दाखवला, आणि ती सावली काही दिसली नाही. पिल्लू फळीला अंग लावून ऐकत बसायचं आणि फळीच्या अलीकडे ही बसून वाक्यं घोळवायची. एकच वाक्य चार-चार वेळा, कानाला पटेपर्यंत. त्या पिल्लाची आई झग्यात नव्हतीच. ती भिंतीपलीकडे होती आणि वाचत होती.

ती डॉक्टरांकडे गेली आणि उभ्या-उभ्या सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आत बोलू नका, एवढंच मी पाटीवर लिहिलं," ते म्हणाले. "बाहेर वाचू नका, हे कुणाच्या डोक्यात यावं?"

एरवी ते तिला गमतीनं लेखिकाबाई म्हणायचे. त्या दिवसापासून त्यांनी तिला तसं म्हटलं नाही.

मग काय करायचं ते त्यांनी सांगितलं. वारा फिरायला थोडेच दिवस होते. पिवळी अशीच थव्याबरोबर गेली तर वाटेत जिथं जिथं कुणी वाचत असेल तिथं ती उतरेल, आणि तिच्यामागे उरलेली तिघं. तसं होऊ द्यायचं नसेल तर दोनच वाटा होत्या. तिला पकडून प्राणिसंग्रहालयात द्यायची, मरेपर्यंत पिंजऱ्यात. किंवा त्या आवाजाची तिला दहशत बसवायची.

"कशी?"

"तुम्ही वाचायचं. ती आली की आम्ही बुकलायचं."

त्या संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. आईनं विचारलं, "तिथं काय वाचत होतीस?"

"त्यांच्याबद्दलच लिहिलेलं. पिल्लांबद्दल."

"पक्कं केलेलं की कच्चं?"

"कच्चं."

"म्हणजे खोडलेलंसुद्धा तिनं ऐकलंय," आई म्हणाली. तिनं हात पुढे करून मुलीचा हात शोधला. "सवय माझी आहे गं. मी लावली तुला. माझ्यामुळे झालं हे."

"असं काही नाही, आई."

"आहे. पण आता ते उगाळून काय उपयोग? उद्या वाचशील ना, तर सपाट वाच. प्रुफासारखं. आवाज कापला तर तिला कळेल काहीतरी चुकतंय, आणि ती तुझं समाधान करायला येईल. लेकरं तसंच करतात."

सकाळी दलदलीच्या काठावर धुकं नुकतं विरत होतं. ती पहिल्यांदाच झग्याशिवाय, आपल्या नेहमीच्या कपड्यांत तिथं उभी होती. डॉक्टर आणि ड्रायव्हर बोरूत दडले होते, हातात पत्र्याचे डबे आणि काळ्या छत्र्या. तिनं पेपरातलं कात्रण काढलं आणि वाचायला सुरुवात केली. पिवळी अंड्यातून बाहेर आली त्या दिवसाचा लेख होता तो. मुद्दाम तोच आणला होता असं नाही. तो तिला पाठ होता, म्हणून आणला होता.

बेटावरून पिवळीनं मान वर केली. आणि आली. उडत आली, दहा हातांवर उतरली, मग चालत आली. जवळ आल्यावर तिनं घशातल्या घशात एक गुरगुर केली. दाणे भरवले की लहान पिल्लं तशी करतात. एवढ्या मोठ्या पक्ष्याच्या गळ्यातून तो आवाज येताना ऐकून तिच्या डोळ्यांपुढच्या ओळी हलल्या. पण तिनं वाचणं थांबवलं नाही.

डॉक्टर आणि ड्रायव्हर ओरडत बाहेर पडले. डबे वाजले, छत्र्या फटाफट उघडल्या. पिवळी बिथरली, पंख उघडून जागच्या जागी फिरली, आणि मग तिला जिथं सुरक्षित वाटलं तिकडे पळाली. तिच्याकडे. लांब चोच तिच्या काखेत खुपसून, डोळे मिटून पक्षी थरथरत उभा राहिला. डबे जितके जास्त वाजले तितका तो जास्त चिकटला. शेवटी ड्रायव्हरनंच डबा खाली टाकला. "ताई, मला हे जमायचं नाही," तो म्हणाला आणि जीपकडे निघून गेला.

डॉक्टर गवतात बसले. त्यांना धाप लागली होती.

"आमची भीती बसतेय, आवाजाची नाही," ते म्हणाले. "आवाज म्हणजे तिला आसरा. मारणारा हात तुमचाच हवा. आणि वाचणं थांबवायचं नाही. थांबवून मारलंत तर ती शिकेल की गप्प बाई मारते. पुढच्या वेळी वाचणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाईल."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पिंजरा आहेच."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या हातात ओला टॉवेल दिला, टोकाला गाठ मारलेला. छातीवर आणि पंखाच्या मुळाशी मार, मानेला आणि पायांना नाही, असं बजावलं. क्रौंचाचा पाय मोडला की तो गेलाच. मग ते लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांना बघायचं नव्हतं, आणि त्याबद्दल तिच्या मनात त्यांच्याविषयी राग दाटून आला, जो पुढे कधीच पुरता गेला नाही.

तिनं कात्रण डाव्या हातात धरलं आणि वाचायला लागली. सपाट, प्रुफासारखं.

"सकाळी अंड्याला बारीक तडा गेला पूर्णविराम आतून टकटक ऐकू आली स्वल्पविराम थांबली स्वल्पविराम पुन्हा आली पूर्णविराम"

पिवळी आली. कालचं विसरून आली की कालच्यामुळेच आली, कोण जाणे. मान खाली घालून, गुरगुरत, अगदी अंगाशी आली. तिनं टॉवेल उचलला आणि मारला. पक्षी दचकला, एक पाऊल मागे गेला, इकडेतिकडे बघितलं. मारणारं कुठे आहे ते शोधत होता. मग पुन्हा तिच्याकडे आला.

"आम्ही सगळे जाळीबाहेर उभे होतो पूर्णविराम कुणी श्वास घेत नव्हतं पूर्णविराम"

तिनं पुन्हा मारला. पंखाच्या मुळाशी लागलं, एक पीस सुटून गवतावर पडलं. पिवळी हलली नाही. तिनं मान वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघितलं, जिथून आवाज येत होता तिकडे, आणि मग हाताकडे. पुन्हा तोंडाकडे. ती मारत गेली. किती वेळा ते तिला नंतर सांगता आलं नाही. एका फटक्याला नेम चुकला आणि चोचीच्या मुळाशी बसला, रक्ताचा एक थेंब आला. तिचा आवाज तरीही कापला नाही. आईनं तिला लहानपणापासून जे शिकवलं होतं ते सगळं त्या सकाळी कामाला आलं, आणि असल्या कामाला आलं, याचा तिला भयंकर संताप आला. तो संतापही तिनं हातात उतरू दिला आणि आवाजात उतरू दिला नाही.

"मग कवच दुभंगलं आणि पहिल्यांदा चोच दिसली पूर्णविराम"

पिवळीनं पंख उघडले. दोन्ही पंख पूर्ण, मान ताठ, आणि ओरडली. कोल्हा दिसला की क्रौंच जी किंकाळी देतो ती. ती किंकाळी तिनं डोंगरांत शेकडो वेळा ऐकली होती, त्यावर लिहिलंही होतं, पण तिच्याकडे तोंड करून कुणी दिली नव्हती. पक्षी पळाला, उडाला, आणि बेटावर न उतरता पार पलीकडच्या काठाला गेला. तिनं लेख शेवटपर्यंत वाचून काढला. मग कात्रणाची घडी केली, ती खिशात ठेवली आणि गवतावर ओकली.

पुढच्या दिवसांत डॉक्टरांनी तिला निरनिराळ्या जागांवरून वाचायला लावलं. बांधावरून, जीपमधून, पंपाच्या भिंतीआडून. आवाज पोचला की पलीकडे पिवळीची मान ताठ होई, किंकाळी येई आणि अख्खा थवा उठे. रेडिओवरच्या बातम्यांना ती आता फिरकत नव्हती. शाळेच्या बाई म्हणाल्या, मुलं रोज खिडकीकडे बघतात.

"जमलं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी थर्मासमधला चहा टोपणात ओतून तिच्यापुढे केला. "तुमच्या पुस्तकाला शेवटही मिळाला."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. तरीही तो चहा त्यांच्या अंगावर फेकावासा तिला वाटला. तिनं तो पिऊन टाकला. पुस्तकाला हात लावायचा तर आधी एक वाक्य लिहून मोठ्यानं वाचावं लागलं असतं, आणि ते तिच्याच्यानं होत नव्हतं. पेपरवाल्यांना तिनं बरं नाही म्हणून कळवलं. संध्याकाळी आई खुर्ची ओढून बसायची, थोडा वेळ वाट बघायची, आणि मग जेवायचं काय म्हणून विचारायची.

वारा फिरला त्या सकाळी थवा निघाला. केंद्रावरून तसा फोन आला. पण वर निघालेल्या थव्याला समोरून धुकं आलं. घरामागे कापणी झालेलं मोठं शेत होतं आणि शेताच्या कडेनं विजेच्या तारा गेल्या होत्या. आईनं आधी ऐकलं. तिनं खिडकी उघडायला लावली.

"उतरतायत," आई हळूच म्हणाली. "बघ ना."

ती खिडकीशी गेली. धुक्यात खुंटांच्या ओळींमध्ये राखाडी आकार एकामागून एक उतरत होते, पाय लोंबते सोडून, पंखांनी हवा अडवत. खिडकीपासून फार लांब नव्हते. त्यात एक दांडगी मादी होती. पायात पिवळी कडी. चोचीच्या मुळाशी एक काळपट डाग. तिच्या मागे तिघं, हिरवी, निळी आणि पांढरी. सगळी आली होती. तारा धुक्यात दिसतच नव्हत्या. आत्ता हे पक्षी घाबरून उठले तर थेट त्या तारांमध्ये जाणार होते.

"काय दिसतंय?" आईनं विचारलं.

नजर गेल्यापासून आईनं हेच विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी तिनं सांगितलं होतं. तिनं श्वास घेतला. कडी, डाग, तिघं, धुकं, सगळं ओठांवर आलं. आणि बाहेर पिवळीनं, काहीच ऐकू आलेलं नसताना, मान ताठ केली.

तिचा श्वास घेतल्याचा आवाज आईनं ऐकला आणि त्यापुढचं काहीच ऐकू आलं नाही. आईला कळलं. तिचा हात चाचपडत वर आला, खांदा, गळा, हनुवटी शोधत, आणि मुलीच्या तोंडावर बसला.

दोघी तशाच उभ्या राहिल्या. पिवळीची मान हळूहळू खाली आली आणि ती खुंटांमधले दाणे टिपायला लागली. ऊन वर येईपर्यंत थवा चरत राहिला. मग तारा एकेक करून दिसायला लागल्या, पिवळी धावली, उचलली गेली, तिच्यामागे तिघं, आणि त्यांच्यामागे बाकीचे, तारांच्या वरून, दक्षिणेला. तो सगळा आवाज आईनं ऐकला. ते कसे दिसत होते, हे तिनं विचारलं नाही.

थवा दिसेनासा झाल्यावरही आईनं हात लगेच काढला नाही. मुलीचे ओठ तळव्याखाली हलत होते, शब्द न फुटता.